सुटका झाली, औषधांचे काय?

कारागृहातून सुटणाऱ्या एचआयव्हीबाधित व्यक्तीला पुन्हा समाजात रुळण्यासाठी काय मदत करावी, असे मला अनेकजण विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा निवारा, रोजगार आणि समुपदेशन ही उत्तरे आधीपासून असतात आणि त्यांत चुकीचे काही नाही. मात्र समुपदेशक म्हणून या कामात जी वर्षे गेली, त्यांनी माझे एक मत पक्के केले आहे. सुटकेपूर्वी आत येऊन भेटलेला, नावाने ओळखणारा एक माणूस सुटकेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाहेरही सोबत असला, तर बाकीच्या सोयी उपयोगी पडतात. तो नसला, तर दवाखाना, औषधे आणि योजना हे सगळे अस्तित्वात असूनही त्या व्यक्तीपर्यंत पोचत नाही. हे मत मी का धरून आहे, ते सविस्तर लिहिण्याचा हा प्रयत्न आहे.

आत आणि बाहेर यांतला फरक आधी समजून घ्यायला हवा. जगभरात २०१४ साली कोणत्याही एका दिवशी सुमारे १ कोटी २ लाख माणसे कारागृहांत होती आणि त्यांपैकी अंदाजे ३.८ टक्के, म्हणजे जवळपास ३ लाख ८९ हजार, एचआयव्हीबाधित होती, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१६ मधील लेखमालेत मांडला गेला. सर्वसाधारण लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा हे कितीतरी अधिक आहे. यांतील कित्येकांना आपल्या संसर्गाचा पत्ता पहिल्यांदा लागतो तो कारागृहातल्या तपासणीतच. जिथे आतली आरोग्यसेवा नीट चालते, तिथे या व्यक्तीला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांची, गोळी मिळते, दोन वेळचे जेवण मिळते, रक्ततपासणीची तारीख दुसरे कुणीतरी लक्षात ठेवते आणि काही महिन्यांत तिच्या रक्तातला विषाणूभार, म्हणजे विषाणूंचे प्रमाण, इतका खाली येतो की तो तपासणीत सापडत नाही. यावरून कारागृह प्रकृतीला मानवते असा निष्कर्ष कुणी काढू नये. तिथली गर्दी, क्षयरोग आणि मनावरचा ताण यांनी माणसे खचतात, हे मी पाहिले आहे. एवढेच म्हणायचे आहे की ती गोळी वेळेवर पोटात जाण्यासाठी लागणारी सारी व्यवस्था आत दुसऱ्यांनी सांभाळलेली असते आणि सुटकेच्या दिवशी ती सगळी एकदम संपते.

ती संपल्यावर काय होते, याचे सर्वांत बोलके आकडे अमेरिकेतील टेक्सास राज्यातून आले. २००४ ते २००७ या काळात तिथल्या राज्य कारागृहांतून सुटलेल्या, आत असताना एआरटी घेत असलेल्या २,११५ व्यक्तींचा मागोवा घेण्यात आला. सुटताना त्यांना दहा दिवस पुरेल एवढे औषध दिलेले होते. त्या दहा दिवसांत, म्हणजे जवळचा साठा संपण्यापूर्वी, पुढचे औषध घेतलेल्यांचे प्रमाण होते ५.४ टक्के. तीस दिवसांत ते १७.७ टक्क्यांवर आणि साठ दिवसांत सुमारे ३० टक्क्यांवर पोचले. याचा अर्थ दोन महिने उलटले तरी दहांपैकी सात जणांनी पुढचे औषध घेतलेले नव्हते. हे वाचून ‘या लोकांनाच काळजी नाही’ असे म्हणणे फार सोपे आहे आणि मी ते अनेक जबाबदार व्यक्तींच्या तोंडून ऐकलेही आहे. पण त्याच अभ्यासात आणखी एक निरीक्षण होते, ज्याकडे तितके लक्ष गेले नाही. मोफत औषध मिळवून देणाऱ्या योजनेचा अर्ज भरायला ज्यांना सुटकेपूर्वी कुणीतरी मदत केली होती, त्यांच्यात वेळेत औषध घेण्याचे प्रमाण अधिक होते. इच्छाशक्ती तीच, आजार तोच, राज्यही तेच. कुणीतरी शेजारी बसून अर्ज भरून घेतला, एवढाच काय तो फरक.

औषध थोडे दिवस थांबले तर बिघडते काय, असा प्रश्न घरच्या माणसांनाच काय, काही डॉक्टरांनाही पडतो. एआरटी विषाणूला दाबून ठेवते, नष्ट करत नाही. विषाणू शरीरातल्या काही दीर्घायुषी पेशींमध्ये दडून राहतो आणि औषध थांबल्यावर बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत पुन्हा रक्तात मोजता येईल इतका वाढतो. एके काळी असा विचार होता की प्रतिकारशक्ती चांगली असलेल्यांनी मधूनमधून औषधाला विश्रांती द्यावी. ‘स्मार्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या चाचणीत ३३ देशांतील ५,४७२ व्यक्ती सहभागी झाल्या आणि २००६ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा औषध थांबवणाऱ्या गटात संधिसाधू (प्रतिकारशक्ती ढासळल्यावर जडणारे) आजार किंवा मृत्यू यांचा धोका सुमारे अडीचपट आढळला. त्यानंतर ती कल्पना सोडून देण्यात आली. औषधे एकदम थांबली तरी ती शरीरातून एकाच वेगाने जात नाहीत, हीही एक अडचण आहे. एफाव्हिरेन्झसारखे एआरटीतले औषध त्याच्या जोडीची औषधे निघून गेल्यानंतरही बरेच दिवस रक्तात रेंगाळते. तेवढे दिवस विषाणूपुढे एकच औषध उरते आणि त्याला दाद न देणारे विषाणू तयार होण्याची वाट मोकळी होते. आता अनेक देशांत वापरात आलेले डोल्युटेग्राव्हिर हे एआरटीतले औषध या बाबतीत अधिक भरवशाचे आहे, पण म्हणून खंड पडला तरी चालेल असे होत नाही.

या कामात एचआयव्हीकडेच बघत राहिले तर एक फार मोठा धोका नजरेतून सुटतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या ३० हजारांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या व्यक्तींचा मृत्यू होण्याचा धोका राज्यातील इतर रहिवाशांच्या तुलनेत १२.७ पट होता आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मृत्यू होण्याचा धोका तर १२९ पट होता. कारण उघड आहे. आत असताना सेवन बंद किंवा फार कमी झालेले असते, शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि बाहेर आल्यावर पूर्वीइतकीच मात्रा घेतली जाते. जी मात्रा पूर्वी पचत होती तीच आता श्वास थांबवते. सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण मोठे असल्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या अनेकांच्या बाबतीत पहिल्या पंधरवड्यातला खरा शत्रू हाच असतो. म्हणून अशा व्यक्तीशी सुटकेपूर्वी या विषयावर स्पष्ट, उपदेश न करता बोलायला हवे. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हे अफूवर्गीय नशेऐवजी दिले जाणारे पर्यायी औषध आतच सुरू व्हायला हवे आणि ते बाहेर कुठे मिळणार हे आधीच ठरायला हवे. श्वास परत आणणारे नॅलोक्सोन तिच्या जवळ आणि घरच्यांच्या हाताशी हवे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ मध्ये आपल्या सर्व कारागृहांत हे उपचार सुरू केले आणि वर्षभरातच नुकत्याच सुटलेल्या व्यक्तींचे अतिसेवनाने होणारे मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटले.

दोन उपचार एकमेकांना कसे छेद देतात, तेही इथेच सांगते, कारण यात चूक झाली की दोष रुग्णाच्या माथी येतो. एफाव्हिरेन्झमुळे मेथाडोन शरीरातून लवकर बाहेर पडते. मेथाडोनची मात्रा वाढवून दिली नाही, तर त्या व्यक्तीला अंगदुखी, घाम, मळमळ, झोप न लागणे असा त्रास सुरू होतो आणि एआरटीची गोळी सोडली की बरे वाटते, हे तिला आपोआप कळते. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिनही मेथाडोनच्या बाबतीत हेच करते. शिवाय ते डोल्युटेग्राव्हिरची पातळी खाली आणते, म्हणून ही दोन औषधे एकत्र चालू असताना डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा द्यावे लागते. कारागृहाचा डॉक्टर, एआरटी केंद्राचा डॉक्टर, क्षयरोगाचा डॉक्टर आणि व्यसनमुक्ती केंद्राचा डॉक्टर हे चौघे एकमेकांशी बोलत नसतील, तर सगळी औषधे एकत्र पाहणारे जगात कुणीच उरत नाही. ती सगळी एका कागदावर मांडून प्रत्येकापुढे ठेवणारे कुणीतरी हवे. क्षयरोगाबद्दल आणखी लिहिता येईल. एवढे पुरेसे आहे की एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूचे तेच प्रमुख कारण आहे आणि अर्धवट सुटलेला क्षयरोगाचा उपचार अर्धवट सुटलेल्या एआरटीइतकाच घातक ठरतो.

आता तयारीकडे वळते. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतील २४ वा नियम सांगतो की कारागृहातील आरोग्यसेवा सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेशी निकट जोडलेली असावी आणि एचआयव्ही, क्षयरोग तसेच व्यसनाधीनता यांवरील उपचारांत सातत्य राहील अशी तिची रचना असावी. १०७ वा नियम तर शिक्षेच्या आरंभापासूनच सुटकेनंतरच्या आयुष्याचा विचार व्हावा असे म्हणतो आणि १०८ व्या नियमात ओळखपत्रे, राहण्याची जागा, काम आणि ऋतूला साजेसे कपडे यांचा उल्लेख आहे. कपड्यांचा उल्लेख वाचून काहींना आश्चर्य वाटते. ज्यांनी अटकेच्या वेळचे, वर्षानुवर्षे गाठोड्यात पडून राहिलेले कपडे घालून भर थंडीत बाहेर येणारी व्यक्ती पाहिली आहे, त्यांना ते वाटणार नाही.

नियम चांगले आहेत, पण प्रत्यक्षात योजना कोलमडते ती तारखेपाशी. शिक्षा भोगून सुटणाऱ्याची तारीख निदान अंदाजाने माहीत असते. खटला चालू असलेल्या बंद्याचे तसे नसते. तो सकाळी न्यायालयात जातो, दुपारी जामीन मंजूर होतो आणि संध्याकाळी तो रस्त्यावर असतो. त्या वेळी कारागृहाचा दवाखाना बंद असतो, औषधे कपाटात असतात आणि फाइल दुसऱ्या इमारतीत. जगातल्या अनेक कारागृहांत अशाच बंद्यांची संख्या मोठी आहे. म्हणून माझा आग्रह असतो की सुटकेची तयारी सुटकेच्या महिन्यात करायची नाही, पहिल्या भेटीतच करायची. औषधांचे नाव, सुरू केल्याची तारीख, शेवटचा विषाणूभार आणि सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, क्षयरोग आणि कावीळ यांच्या तपासण्या हे सारे लिहिलेले बदलीपत्र कायम तयार असावे आणि दर तपासणीनंतर ते नवे करावे. न्यायालयाच्या तारखेला जाताना थोडा औषधसाठा बरोबर देता येत असेल तर द्यावा. आणि एक साधा फोन क्रमांक त्या व्यक्तीला तोंडपाठ असावा, कारण चिठ्ठी हरवते आणि मोबाइल तर बहुतेकांकडे त्या दिवशी नसतोच.

त्या बदलीपत्राच्या मथळ्याविषयी मी जरा हट्टी आहे. वर कारागृहाचे नाव आणि खाली ठळक अक्षरांत एचआयव्ही, असा कागद खिशात घेऊन माणूस बहिणीच्या घरी उतरतो, आंघोळीला जाताना शर्ट काढून ठेवतो आणि त्याच्या आयुष्यातल्या दोन्ही गोष्टी एकदम सर्वांना कळतात. या व्यक्तींवर दोन कलंकांचे ओझे असते आणि ते दोन्ही एकमेकांना बळ देतात. ‘तुरुंगात गेला म्हणजे असाच असणार’ आणि ‘हा रोग आहे म्हणजे असेच काही केले असणार’ ही वाक्ये एकाच तोंडातून निघतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्येच कारागृहांतील एचआयव्हीविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढून त्यात गोपनीयतेवर भर दिला होता. तरीही औषधाची वेगळी रांग किंवा वेगळी वेळ यांमुळे आतल्या सगळ्यांना कुणाला काय आहे हे कळते, आणि बाहेर तीच माहिती सहबंद्यांबरोबर गावापर्यंत येऊ शकते. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही आजारापेक्षा आधी हे विचारतो: तुमच्याबद्दल कुणाकुणाला माहीत आहे, आणि कुणाला कळलेले तुम्हाला चालणार नाही? फोन कुणाच्या क्रमांकावर करायचा, दुसऱ्या कुणी उचलला तर आपण कोण म्हणून सांगायचे, भेटायचे कुठे, गोळ्यांची बाटली घरात कुठे राहणार, तिच्यावरचे लेबल ठेवायचे की काढायचे, हे सर्व त्या व्यक्तीच्या सांगण्यावरून ठरते. या तपशिलांना गौण समजणाऱ्यांचे कार्यक्रम माझ्या मते इथेच फसतात. लपवता येत नाही म्हणून औषध बंद केलेली माणसे, औषध नको म्हणून बंद केलेल्यांपेक्षा मला अधिक भेटली आहेत.

जोडीदाराचा प्रश्न याहून नाजूक असतो. अनेक वर्षांनंतर घरी जाणाऱ्या व्यक्तीला जवळीक हवी असते आणि भीतीही वाटत असते. इथे विज्ञानाने फार मोठा आधार दिला आहे आणि तो प्रत्येक सुटणाऱ्या व्यक्तीला स्वच्छ शब्दांत सांगितला पाहिजे: नियमित औषधाने विषाणूभार तपासणीत न सापडण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही. ‘पार्टनर’ या युरोपातील अभ्यासाच्या दोन टप्प्यांत, २०१६ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशा जोडप्यांमध्ये निरोधविना आलेल्या हजारो संबंधांनंतरही बाधित जोडीदाराकडून झालेला एकही संसर्ग आढळला नाही. हे ऐकताना काहींच्या चेहऱ्यावर जो बदल होतो, तो मी अनेकदा पाहिला आहे. आपण आपल्या माणसांना धोकादायक नाही, ही जाणीव गोळी रोज घेण्याचे सर्वांत भक्कम कारण ठरते. पण याच माहितीची दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगावी लागते. हे संरक्षण औषधाच्या सातत्याचे आहे. आतला शेवटचा अहवाल चांगला असला तरी मध्ये महिनाभर खंड पडला असेल, तर तो अहवाल आता लागू नाही, आणि नवा विषाणूभार कळेपर्यंत निरोध वापरायलाच हवा. जोडीदाराला सांगायचे केव्हा आणि कसे, यासाठी मी वेळ देते, सोबत बसते, तपासणीची सोय करते. त्या व्यक्तीच्या पाठीमागून मी सांगत नाही.

निवारा आणि काम यांबद्दल लोक भरपूर बोलतात, म्हणून मी थोडक्यात लिहिते. रात्री कुठे झोपायचे हे ठरलेले नसेल, तर सकाळी आठ वाजता गोळी घेण्याची गोष्ट निरर्थक असते. अनेक निवारागृहांच्या प्रवेश-अर्जावर आजारांचा रकाना असतो आणि तो भरणे गरजेचे नाही, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना समजावून सांगावे लागते. रोजगार देणाऱ्यालाही एचआयव्हीविषयी कळण्याचे काही कारण नाही. खरा पेच वेळापत्रकाचा असतो. एआरटी केंद्र सकाळी चालते, देखरेख अधिकाऱ्याकडची हजेरी सकाळीच असते आणि मजुरीचा ठिय्याही सकाळीच भरतो. तिन्ही ठिकाणी एकाच वेळी जाता येत नाही, आणि त्यांपैकी ज्याच्या गैरहजेरीची शिक्षा लगेच मिळते ते सोडून बाकीचे सुटते. औषध चुकल्याची शिक्षा उशिरा मिळते, म्हणून औषधच सुटते. यावर उपाय साधे आहेत: तीन महिन्यांची औषधे एकदम देणे, केंद्राची वेळ आठवड्यातून एकदा संध्याकाळची ठेवणे, हजेरीच्या तारखा आधी विचारून मगच दवाखान्याची तारीख देणे. यासाठी पैसा फारसा लागत नाही, दोन कार्यालयांनी एकमेकांना फोन करणे लागते.

स्वातंत्र्यामुळे येणारा गोंधळही खरा असतो. उठायचे केव्हा, खायचे काय, दिवा केव्हा मालवायचा हे वर्षानुवर्षे ज्याच्यासाठी इतरांनी ठरवले, त्याला बाहेर आल्यावर एकाच दिवसात शंभर निर्णय घ्यावे लागतात. गर्दीत घाबरणे, रस्ता ओलांडताना थबकणे, रात्री झोप न लागणे, माणसांत बसून एकटे वाटणे हे पहिल्या आठवड्यांत जवळजवळ सर्वांना होते, आणि नैराश्य हा एआरटीच्या नियमिततेचा मोठा शत्रू आहे. दवाखान्यातला फलक वाचून योग्य रांगेत उभे राहणे हे काम आपल्याला क्षुल्लक वाटते. त्या व्यक्तीला ते इतके कठीण जाऊ शकते की ती दारातून परत फिरते, आणि नोंदवहीत ‘रुग्ण आला नाही’ एवढेच उमटते. पहिल्या खेपेला कुणी बरोबर गेले, नोंदणीच्या खिडकीपाशी उभे राहिले, डॉक्टरांशी ओळख करून दिली, तर दुसऱ्या खेपेला ती व्यक्ती बहुधा एकटी जाते.

हे माझे अनुभवाचे मत झाले. संशोधन काय सांगते तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, कारण ते सरळ माझ्या बाजूने नाही. सुटकेपूर्वी आणि नंतर सखोल वैयक्तिक मदत देणाऱ्या एका कार्यक्रमाची अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात चाचणी झाली, तेव्हा नेहमीच्या सुटका-नियोजनापेक्षा त्याचा ठळक फायदा दिसला नाही. पुढे २०१७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना आणि टेक्सास या दोन राज्यांतील आणखी एका चाचणीत प्रेरणादायी संवाद, गरजांची पाहणी आणि मोबाइलवरील आठवणीचे संदेश असे सारे देऊनही विषाणूभार दाबून ठेवण्यात फरक पडला नाही. याउलट लॉस एंजेलिसमध्ये केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चित्र वेगळे होते. तिथे मदतीला नेमलेल्या व्यक्ती त्याच समाजातल्या, तशाच अनुभवांतून गेलेल्या होत्या. त्या आत असतानाच भेटत, सुटकेनंतर दवाखान्यात बरोबर जात, डॉक्टरांसमोर प्रश्न कसे विचारायचे याची तयारी करून घेत. वर्षअखेर या गटात विषाणूभार दाबलेल्यांचे प्रमाण सुरुवातीइतकेच, ४९ टक्के राहिले. नेहमीची मदत मिळालेल्या गटात मात्र ते ५२ वरून ३० टक्क्यांवर घसरले. या तीन चाचण्यांवरून मी माझ्यापुरता असा अर्थ घेते की संदेश आणि समुपदेशनाच्या बैठका पुरत नाहीत, आणि मदत करणारा कोण आहे यानेही फार फरक पडतो. माझ्यासारख्या समुपदेशकाला जे सांगायला तीन भेटी लागतात, ते स्वतः आत राहून आलेला, स्वतः गोळी घेणारा माणूस चहाच्या एका घोटात सांगतो, आणि त्याच्यावर विश्वास ठेवला जातो.

सॅन फ्रान्सिस्कोत २००६ पासून सुरू झालेल्या ट्रान्झिशन्स क्लिनिकने कारावास भोगलेल्या व्यक्तींनाच आरोग्य कार्यकर्ते म्हणून नेमले आणि पुढे अनेक ठिकाणी तो नमुना स्वीकारला गेला. हा मार्ग धरायचा तर एका अन्यायाकडे डोळेझाक करता येणार नाही. अशा सहकाऱ्यांना बहुतेक ठिकाणी ‘स्वयंसेवक’ म्हणून राबवले जाते, प्रवासखर्चावर बोळवण केली जाते आणि पूर्वीच्या गुन्ह्याच्या नोंदीमुळे रुग्णालयात नोकरी किंवा कारागृहात प्रवेश नाकारला जातो. ज्या अनुभवासाठी त्यांना बोलावले, त्याच अनुभवामुळे त्यांना दारात अडवायचे, ही गोष्ट मला सहन होत नाही. त्यांना पूर्ण पगार, नेमणूकपत्र आणि त्यांच्यावरच्या ताणासाठी स्वतंत्र आधार मिळाला पाहिजे, कारण रोज आपल्याच भूतकाळाला भेटण्याचे काम ते करत असतात.

स्त्रियांच्या बाबतीत वेगळे लिहायला हवे. त्यांची संख्या कमी असल्याने योजना आखताना त्यांचा विचार शेवटी होतो. बाहेर आल्यावर बहुतेकींचे पहिले काम मुलांना परत मिळवण्याचे असते आणि त्यापुढे स्वतःचा दवाखाना मागे पडतो. एचआयव्ही असल्याचे कळल्यास मुले मिळणार नाहीत, ही भीती त्यांना गप्प ठेवते. त्यांच्याबरोबर औषधाइतकेच कायदेशीर मदतीचे काम करावे लागते, आणि ज्या घरी त्या परत जात आहेत तिथे मारहाण होती का, हे सुटकेपूर्वीच, एकांतात विचारावे लागते.

शेवटी पुन्हा अटक होणाऱ्यांविषयी लिहिते, कारण कार्यक्रमांच्या अहवालांत ते ‘अपयश’ या सदरात जातात आणि तिथेच विसरले जातात. काही जण पुन्हा आत जातात. त्या दिवशी त्यांचे औषध बहुधा घरी किंवा जप्त केलेल्या पिशवीत राहते, पोलिस कोठडीत एचआयव्हीबद्दल सांगायची त्यांची हिंमत होत नाही आणि कारागृहाच्या दवाखान्यात नवी नोंद होईपर्यंत आणखी काही दिवस जातात. ज्याने बाहेर सोबत केली, त्यानेच अशा वेळी त्या व्यक्तीच्या संमतीने कारागृहाच्या डॉक्टरांना कळवावे, सध्या चालू असलेल्या औषधांचा कागद पोचवावा, बाहेर किती दिवस खंड पडला होता ते खरे सांगावे, म्हणजे जुनेच औषध सुरू ठेवायचे की आधी विषाणूभार तपासायचा हे ठरवता येते. मग नियमाने मिळेल त्या पहिल्या दिवशी भेटीला जावे. तुम्ही पुन्हा का आलात, हे विचारायला इतर पुष्कळ असतात. आपण विचारायचे ते गोळी मिळाली का, आणि पुढची तारीख कोणती.